एकोणीस दिवसांचा पाऊस

१३ मार्च २०११, रविवार. लीनर्ट यांचं शेत: ३१.० मिलिमीटर.

हे जुन्या वेबसाइटवर. चौदा वर्षं हे असंच आहे.

१२ मार्च २०११, शनिवार. लीनर्ट यांचं शेत: ३१.० मिलिमीटर.

हे नव्या वेबसाइटच्या चाचणीच्या प्रतीवर. आज सकाळपासून.

व्हर्ना लीनर्टनं चष्मा काढला, एप्रनला पुसला, परत लावला. शनिवार शनिवारच राहिला.

"ग्रँटली," ती म्हणाली. स्वयंपाकघरात ऐकायला फक्त तिचा नवरा मर्विन होता, आणि तो पावावर मेटवर्स्ट सॉसेजचे काप रचण्यात गुंतला होता.

"आता काय केलं त्यानं?"

"लग्नाला पाऊस पाडला."

मर्विननं मान डोलावली. पेरुंडात एवढं सांगितलं की पुरतं.

*

पेरुंडा हे अ‍ॅडलेडपासून अडीचशे किलोमीटरवरचं गाव. बाहेरच्यांसाठी थोडं जास्त सांगावं लागेल.

रोज सकाळी नऊ वाजता गावाच्या आसपासच्या अकरा शेतांवर अकरा माणसं अंगणातल्या खांबाशी जातात, पाऊस मोजायची नळी डोळ्यासमोर धरतात आणि व्हर्नाला आकडा कळवतात. बहुतेक दिवस आकडा शून्य असतो. तोही कळवायचा. सव्वानऊला व्हर्ना अकरा आकडे ब्लॉगवर टाकते आणि साडेनऊपर्यंत अख्ख्या पट्ट्यानं ते वाचलेले असतात. सतरा वर्षं झाली. आधीच्या वह्यांची पानंसुद्धा तिनं एकेक करून तिथं चढवली आहेत. लीनर्टांच्या रकान्याच्या डोक्यावर जाड अक्षरांत लिहिलंय: १९११ पासून एकही दिवस खंड नाही. वही मर्विनच्या आजोबांनी सुरू केली, सासऱ्यांनी चालवली, आणि लग्न होऊन आल्यावर दुसऱ्या आठवड्यात सासऱ्यांनी ती व्हर्नाच्या हातात दिली. "मर्विनला लक्षात राहायचं नाही," एवढंच म्हणाले.

नऊ वाजता नळीत दिसतं ते गेल्या चोवीस तासांचं पाणी. ते लिहायचं ज्या दिवशी वाचलं त्या दिवसावर. हवामान खात्याची तीच रीत, दहा शेतांची तीच रीत. अकराव्या शेतावर ग्रँटली नोस्के राहतो. तो म्हणतो, पाऊस काल पडला, कालच्यावर लिहा. तो रोज कालची तारीख घालून आकडा पाठवतो, व्हर्ना रोज काही न बोलता ती सुधारते.

त्याच्या मुलीचं लग्न शनिवारी होतं. तंबू, दोनशे माणसं, आणि संध्याकाळी चारला एकतीस मिलिमीटर. नवरीचे बूट तरंगत होते. वेबसाइट म्हणते: शनिवार शून्य, रविवार एकतीस.

"जगात एकच लग्न असं," ग्रँटली प्रत्येक जेवणावळीत सांगतो, "जे भिजलं पुरतं आणि नोंदलं गेलं कोरडं."

*

जुना ब्लॉग ज्या कंपनीकडे होता तिनं कळवलं की तीस जूनला ती दुकान बंद करणार. गावाच्या समितीत तीन माणसं: ग्रँटली अध्यक्ष, व्हर्ना, आणि शाळेत शिकवणारी टॅम्सिन झाडो. टॅम्सिननं दोन ठिकाणं शोधली आणि दोन्हींवर जुन्या ब्लॉगची प्रत उभी करून दाखवली.

"पहिलं म्हणजे सामानासकट भाड्याचं घर," ती म्हणाली होती. "खुर्च्या, पडदे, सगळं तयार. आपण नुसतं राहायला जायचं. पण भिंत हलवता येणार नाही. दुसरं म्हणजे स्वतःचा प्लॉट. नळ गळला तर आपणच बघायचा, पण काय वाटेल ते बांधा."

तेव्हापासून एकाला सगळे भाड्याचं म्हणतात, दुसऱ्याला घरचं. व्हर्नानं बिलाच्या पाठकोऱ्या कागदावर दोन रकाने पाडले.

भाड्याचं: दिसायला सुरेख. ग्रँटलीलासुद्धा वापरता येईल. (का आवडलं त्याला इतकं?)

घरचं: बटणं फार. टॅम्सिन बदली होऊन गेली तर? प्रत्येक बदलाची नोंद राहते: कोणी, कधी, आधी काय होतं. कोणालाही बघता येते. पुसता येत नाही.

भाड्याचं: अशी नोंद नाही. एकदा बदललं की बदललं.

या शेवटच्या ओळीखाली तिनं तीन रेघा मारल्या होत्या, आणि मागच्या बैठकीत तोच मुद्दा धरून बसली होती. ग्रँटली हसला होता. "पावसाच्या आकड्यांना पोलीस चौकी कशाला, बाईसाहेब? कोण चोरणारे?"

शनिवार दाखवणाऱ्या, म्हणजे भाड्याच्या, प्रतीचा पासवर्ड तिघांकडे होता.

*

ग्रँटली पेरणीयंत्राच्या खाली होता. बाहेर फक्त बूट.

"ग्रँटली, बाहेर ये."

"चहा आणलायस की वॉरंट?"

"तेरा मार्च."

"बारा," यंत्राखालून आवाज आला.

"तेच विचारायला आलेय. हात लावलास तू?"

तो सरपटत बाहेर आला, ग्रीसचे हात पँटला पुसले आणि तिनं छापून आणलेला कागद उन्हात धरून वाचला. हळूहळू त्याचा चेहरा असा उजळला, जसा नातवंडं झाली तेव्हाही उजळला नव्हता.

"शनिवार! अगं, यंत्राला कळलं बघ. सतरा वर्षं माणसांना सांगतोय, एकाच्या डोक्यात शिरत नाही."

"म्हणून तुला भाड्याचं हवंय."

"मला भाड्याचं हवंय कारण ते सोपं आहे. व्हर्ना, मला टायर बदलता येतो. पासवर्ड बदलता येत नाही. मी आकडे कसले बदलतोय?"

उत्तर बरोबर होतं. फारच बरोबर होतं. घासूनपुसून ठेवल्यासारखं. घरी येईपर्यंत व्हर्नाला खात्री पटली की एवढं सरळ उत्तर निरपराध माणसाला सुचत नाही.

*

मग ती पुराव्याला बसली.

एक तारीख बदलली असती तर गोष्ट वेगळी. तिनं २०१३ उघडलं. एक दिवस मागे. २०१९. मागे. कोविडचं वर्ष, मागे. त्यानं नुसतं लग्न नाही भिजवलं, त्यानं अख्खी वही उचलून कालवर नेऊन ठेवली. भांडण जिंकलं, मत न मागता. तीस जूननंतर मूळ ब्लॉग उरणार नाही, मग खरं काय होतं ते कोण सांगणार?

सगळं मांडून बैठकीत त्याच्यासमोर टाकायचं असं ठरवून ती वर्षं मागूनपुढून तपासत राहिली. २०१४, मागे. २०१५, मागे. २०१६, जानेवारी, मागे. मे. जून.

३ जुलै, ठीक, म्हणजे मागे.

४ जुलै. काहीच नाही. कोरी जागा.

५ जुलै.

५ जुलै जागेवर होता. ६ जागेवर. ७. तिनं बोट लावून मोजलं. २३ जुलैपर्यंत एकोणीस दिवस जिथल्या तिथं, कोणी खिळे ठोकल्यासारखे. आणि २३ जुलैवर दोन नोंदी, एकावर एक. पुढं परत सगळं मागे.

व्हर्नानं संगणक बंद केला. नीट बंद केला नाही, नुसतं झाकण पाडलं.

मर्विन बाहेरून म्हणाला, "काय गं, मिळाला का चोर?"

तिनं दोन रकान्यांचा कागद घडी करून एप्रनच्या खिशात घातला.

*

टॅम्सिनचा ईमेल, मंगळवार दुपार:

व्हर्ना, तारखांचं कोडं सुटलं! बैठकीत सांगते, ग्रँटलीचा काही संबंध नाही. फक्त जुलै २०१६ मधले एकोणीस दिवस वेगळे वागतायत. त्या दिवसांत तुम्ही सव्वानऊला नाही, साडेदहानंतर आकडे टाकलेत. रोज. तेव्हा काही निराळं होतं का? सहज विचारतेय. टॅम्सिन.

सहज. व्हर्नानं तो शब्द चार वेळा वाचला. सहज विचारणारी माणसं दिवस मोजून सांगत नाहीत.

प्रिय टॅम्सिन, त्या महिन्यात आमच्याकडे इंटरनेटचा

(खोडलं.)

प्रिय टॅम्सिन, मर्विन आजारी असल्यानं मला सकाळी उशीर

(हे खरं होतं. म्हणूनच खोडलं.)

टॅम्सिन, तू नक्की काय विचारतेयस?

(हे तिनं बराच वेळ पडद्यावर तसंच ठेवलं. मग खोडलं.)

उत्तर गेलं नाही.

*

त्या जुलैत मर्विनच्या छातीत कळ आली आणि रुग्णवाहिकेनं दोघांना अ‍ॅडलेडला नेलं. ऑपरेशन झालं, मग ताप चढला, मग परत ऑपरेशन. एकोणीस सकाळी व्हर्ना इस्पितळाच्या खुर्चीवर होती. डॉक्टरांची फेरी दहाला संपायची. मग ती खालच्या कॅन्टीनमध्ये लॅपटॉप उघडायची. दहा शेतांचे आकडे आलेले असायचे. अकरावा तिचा स्वतःचा. तिची नळी अडीचशे किलोमीटरवर खांबाला टांगलेली, आणि तिच्याकडे बघायला कोणी नाही.

गावात सगळ्यांना ठाऊक होतं ती नाही म्हणून. ग्रँटलीला वाटलं मर्विनचा भाऊ क्लेम नळी बघतोय. क्लेमला वाटलं ग्रँटली. शेजाऱ्याच्या खांबाशी न विचारता जायचं नाही, इतकी सभ्यता दोघांच्यात होती.

अशा वेळेला रीत आहे. बाहेरगावी गेलात तर परत आल्यावर नळीतलं सगळं पाणी एकदम मोजायचं आणि लिहायचं: इतक्या दिवसांचं मिळून इतकं. यात लाज कसली नाही. बाकीच्या दहाही रकान्यांत अशा नोंदी आहेत, शेतीप्रदर्शनाच्या, बाळंतपणाच्या. लीनर्टांच्या रकान्यात एकही नाही.

पहिल्या सकाळी मर्विननं डोळे उघडून विचारलं होतं, "नळी बघितली कोणी?"

"बघितली," ती म्हणाली.

"किती?"

ग्रँटलीच्या ईमेलमध्ये २.२ होतं. लीनर्टांचं शेत जरा उंचावर. "दोन पॉइंट सहा," ती म्हणाली, आणि मर्विन समाधानानं झोपला. मग तेच टाकलं. दुसऱ्या दिवशी ग्रँटलीचा आकडा, वर थोडं. तिसऱ्या दिवशी ग्रँटलीचा आकडा, वर थोडं.

सगळं मिळून तिनं ३३.२ लिहिलं. घरी आल्यावर बॅगा खाली ठेवायच्या आधी ती खांबाशी गेली. नळीत २४.८ होतं. तिनं ते गवतावर ओतलं.

हा आकडा तिनं कुठंच लिहिला नाही आणि एक दिवस विसरली नाही.

*

गुरुवार, दुपारी चार, गावाचा हॉल. टॅम्सिननं पडद्यावर दोन्ही प्रती लावल्या होत्या. ग्रँटलीनं बायकोनं दिलेला जर्मन केक आणला होता आणि व्हर्नासमोर मोठा तुकडा ठेवला. एवढा मोठा का, असं व्हर्नाच्या मनात आलंच.

"लंडन," टॅम्सिन म्हणाली. "चूक माझी. भाड्याच्या प्रतीत घड्याळ लंडनचं, बारमाही हिवाळ्याच्या वेळेचं, राहून गेलं. आपल्याकडे सकाळचे सव्वानऊ वाजतात तेव्हा तिकडे अजून आदला दिवसच चालू असतो. म्हणून सगळं एक दिवस मागे गेलं; साडेदहानंतर टाकलेलं मात्र तिकडेही त्याच दिवशी पडलं. घड्याळ बदललं की जागेवर येईल."

"म्हणजे लग्न परत कोरडं?" ग्रँटली म्हणाला.

"परत कोरडं."

"हरकत नाही. पण मला बाईसाहेबांचा माफीनामा हवा. लेखी. फ्रेम करून."

"मिळेल," व्हर्ना म्हणाली. तिच्या आवाजात काही नव्हतं, म्हणून ग्रँटलीनं तिच्याकडे नीट पाहिलं.

"राहिले ते एकोणीस दिवस," टॅम्सिन म्हणाली. "व्हर्ना, तुम्ही उत्तर दिलं नाहीत."

"मर्विनचं ऑपरेशन होतं तेव्हा."

"मग बरोबर, उशीर होणारच. मी काय म्हणते, भाड्याचं घेतलं तर मी हलवायच्या आधीच त्या नोंदींची वेळ सव्वानऊ करून टाकते. सगळं एकसारखं दिसेल. कोणाला कळणारसुद्धा नाही."

व्हर्नानं पडद्याकडे पाहिलं. दोन घरं. एकाच्या भिंती पांढऱ्याशुभ्र, आत काय लिहिलं होतं ते कधीच न सांगणाऱ्या. तिच्या तोंडाशी 'भाड्याचं' हा शब्द येऊन थांबला. महिनाभर त्याच्याविरुद्ध भांडली होती, आता ग्रँटली खूश होईल, टॅम्सिन खूश होईल, मर्विनला काही कळणार नाही. की टॅम्सिन मुद्दाम वाट मोकळी करून देतेय? बघायला, ही त्या वाटेनं जाते का?

"सोळा सालचा जुलै," ग्रँटली केक खाताखाता थांबला. "तेव्हा तुमची नळी क्लेम बघायचा ना?"

क्लेम तीन वर्षांपूर्वी गेला. हो म्हणायला काहीच लागत नव्हतं. मेलेला माणूस नाही म्हणायला येत नाही.

"का?" ती म्हणाली.

"नाही, तो महिना माझ्या डोक्यात बसलाय. एकोणीस दिवस ओळीनं तुमचा आकडा माझ्यापेक्षा वर. एरवी कधी तुमचा वर, कधी माझा. तेव्हा रोज तुमचा. थोडाच, पण रोज. मी म्हटलं, क्लेम काही चुकायचा नाही, म्हणजे माझीच नळी आडोशाला आलीय. ते खांबाजवळचं झाड वाढलं होतं ना. ऑगस्टमध्ये खांब उपटला आणि उघड्यावर नेऊन रोवला." तो कपाकडे बघत होता. "बापानं रोवलेला खांब होता. त्रेसष्ट वर्षं एका जागी. जागा बदलली की आधीचे आकडे आणि नंतरचे आकडे एकमेकांशी लावता येत नाहीत, हे तुला सांगायला नको. पण खोट्या आकड्यांपेक्षा ते बरं, म्हटलं."

हॉलच्या पत्र्यावर पक्षी नखं घासत होते. टॅम्सिननं केकची सुरी खाली ठेवली.

"क्लेमनं नाही बघितली," व्हर्ना म्हणाली.

"मग कोणी?"

"कोणीच नाही."

ग्रँटलीला कळायला वेळ लागला. शेतातल्या माणसाला खोटा आकडा पटकन समजत नाही. चुकीचा समजतो, राहिलेला समजतो.

"मग ते आकडे?"

"तुझेच होते. वर थोडं घालून."

तो हसला नाही, आणि ते जास्त वाईट होतं. रागावला असता तर तिला उत्तर होतं. त्यानं ताटलीतला उरलेला केक कागदात गुंडाळला, कागदाच्या कडा नीट दुमडल्या.

"अजून कुठले?" तो म्हणाला.

"कुठलेच नाहीत."

"असं तू म्हणतेस."

"असं मी म्हणते."

"मग घरचं घ्या," तो टॅम्सिनला म्हणाला, व्हर्नाला नाही. "ते बदलांची नोंद राहणारं. माझं मत त्याला. पोलीस चौकी असू दे."

"व्हर्ना?" टॅम्सिननं विचारलं.

"घरचं," व्हर्ना म्हणाली.

*

मर्विनला तिनं गाडीतून उतरतानाच सांगितलं. त्यानं व्हरांड्यात बसून एक बूट काढला. मग म्हणाला, "मी विचारलं नसतं तर?"

"तर दुसऱ्या कोणी विचारलं असतं."

"बाबांना नसतं आवडलं."

"नाही."

"पण मला तेव्हा बरं वाटलं होतं," मर्विन म्हणाला. हे तो तिची बाजू घेऊन म्हणाला की तिला टोचायला, ते तिला कळलं नाही.

*

घरचं. पहिला बदल.

कोणी: व्हर्ना लीनर्ट. कधी: २ जून, सकाळी ७.५०.

आधी: ५ ते २३ जुलै २०१६, एकोणीस नोंदी, मिळून ३३.२.

आता: ५ ते २३ जुलै रोजचं वाचन नाही. २३ जुलैला एकदम मोजलेलं, एकोणीस दिवसांचं मिळून २४.८.

बदलाचं कारण: आकडे वाचलेले नव्हते. मी बनवले होते.

दुसरा बदल. रकान्याचं डोकं. १९११ पासून एकही दिवस खंड नाही. ही ओळ काढली. तिच्या जागी काय लिहायचं ते सुचलं नाही, म्हणून काही लिहिलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी नऊला पाच कमी असताना फाटकाशी ग्रँटलीची गाडी थांबली. तो उतरला, बूट झटकले, आणि न विचारता अंगणातून थेट खांबाशी येऊन उभा राहिला. शेजाऱ्याच्या खांबाशी.

"तुझी कोण बघतंय?" व्हर्नानं विचारलं.

"बघून आलोय."

"मग इथं काय?"

"तू तुझं वाच."

आकाश कोरडं होतं, तीन आठवडे होतं. तिनं नळी काढली, डोळ्यासमोर धरली.

"शून्य," ती म्हणाली.

ग्रँटलीनं खिशातून चष्मा काढला, हात पुढं केला. तिनं नळी दिली. त्यानं ती सूर्याकडे धरली, तिरकी केली, सरळ केली, तळाशी नख लावून बघितलं. "शून्य," तो म्हणाला, आणि नळी तिच्या हातात परत दिली.